सत्तेचाळीस नंबरचं मशीन

“सत्तेचाळीस,” आमोद म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा वळवला. “मेल या आयपीवरून गेलाय, सर. सतरा तारीख, मंगळवार, दुपारी चार बारा. फायरवॉलचा लॉग आहे. लॉग खोटं बोलत नाही.”

आमोद म्हणजे संस्थेच्या चिटणीसांनी बाहेरून बोलावलेला सायबर तज्ज्ञ. वय फार तर सत्तावीस. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही सहाजण होतो आणि टेबलाच्या मध्यभागी साबुदाणावड्यांचं ताट होतं. सोमवार असल्यामुळे चिटणीस हिंमतरावांचा उपास होता. त्यांनी चौथा वडा मोडून तोंडात टाकला, बोटं पुसायला काही सापडेना तेव्हा समोरचा लॉगचा छापील कागदच ओढला आणि त्याला पुसली.

“सत्तेचाळीस म्हणजे कुठलं मशीन, आगाशे बाई?”

माझ्यापुढे हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. कॉलेजातल्या प्रत्येक संगणकाला कुठला नंबर दिलाय ते त्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं. मी पान उलटलं. उलटायची गरज नव्हती, मला सगळे नंबर तोंडपाठ आहेत.

“लायब्ररी. इश्यू काउंटर.”

इश्यू काउंटरवर मैत्री बसते. मैत्री ओव्हाळ, सव्वीस वर्षांची, कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. जूनमध्ये तिला कायम करायचं ठरलं होतं. ती दाराजवळ उभी होती, कारण तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

“सर, पण ते मशीन त्या दिवशी काउंटरवर नव्हतंच,” ती म्हणाली. “सोळा तारखेलाच स्टोअररूममध्ये नेलं होतं. मच्छिंद्रदादांनीच उचललं. दादा, सांगा ना.”

मच्छिंद्र शिपाई पाण्याचे ग्लास भरत होता. त्यानं भरलेलाच ग्लास पुन्हा भरायला घेतला.

“बाई, रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे?” प्राचार्यांनी मला विचारलं.

“रजिस्टरमध्ये नाही,” मी म्हणाले.

वाक्य शंभर टक्के खरं होतं. इतकं घाणेरडं वाक्य मी सत्तावन्न वर्षांत बोलले नव्हते. कारण मैत्री म्हणत होती ते मला माहीत होतं, आणि तो मेल मी पाठवला होता.

मैत्रीला बाहेर थांबायला सांगितलं. दार लागल्यावर हिंमतराव दातांत काडी घालून म्हणाले, “मला आधीच वाटलं होतं. या लोकांना तक्रारीची सवयच असते.”

‘या लोकांना’ म्हणजे कुणाला, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले, आमोद मोबाइलमध्ये. मी रजिस्टर मिटलं आणि त्याचे कोपरे जुळवत बसले. कोपरे मुळात जुळलेलेच होते.

मी या कॉलेजात टायपिंग शिकवायला आले त्याला एकोणतीस वर्षं झाली. टाइपरायटर भंगारात गेले, त्यांच्या जागी संगणक आले, आणि टायपिंगच्या बाईंना काढायचं कसं म्हणून मला लॅब असिस्टंट केलं. मला त्यातलं काही येत नव्हतं. पण शिकले. बुधवार पेठेत जाऊन कनेक्टर आणले, केबलची टोकं सोलताना अंगठा सोलून घेतला, कुठली वायर कुठल्या स्विचला जाते ते रात्रंदिवस पाठ केलं. आज या इमारतीतलं नेटवर्क माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. अर्थात त्याबद्दल कुणी पदक देत नाही. प्राध्यापकांना ‘सर’ म्हणतात, मला ‘ओ बाई, नेट गेलंय’ म्हणतात.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. एक कारखान्यातून आलेली, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून बारा. तिला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. मशीन पुण्यात असो नाहीतर पाटण्यात, ती बदलत नाही. दुसरी नेटवर्कनं दिलेली, तो आयपी अ‍ॅड्रेस. तो दवाखान्यातल्या टोकनसारखा असतो. आज तुमचा नंबर सात, उद्या सातवा नंबर दुसऱ्याच कुणाचा. निरोप पोचवायला टोकन लागतं, पण माणूस ओळखायचा तर टोकनवर जाऊ नका. पोरं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. ठीक आहे, ती पोरं आहेत. मी विसरायला नको होतं.

आमच्याकडे हे टोकन मशीन आपोआप वाटत नाही, मी हातानं देते. आपोआपचं आम्हाला जमत नाही असं नाही. पण कुठल्या वर्गातून कोण काय बघतं ते कळावं म्हणून प्राचार्यांनी तशी पद्धत पाडली आणि ती तशीच राहिली. तर एक ते दोनशे चौपन्न नंबर, त्यात संगणक, प्रिंटर, कॅमेरे आणि सगळ्या सरांचे मोबाइल. नंबर कायम तोकडे पडतात. एक मशीन गेलं की त्याचा नंबर मी दुसऱ्याला देते आणि लिहून ठेवते.

आता पाहुण्यांबद्दल सांगायला हवं. दर काही वर्षांनी कॉलेजची तपासणी होते. समिती येते, फेटे बांधून घेते, संगणक मोजते. विद्यार्थी किती आणि संगणक किती याचं प्रमाण ठरलेलं आहे, आणि आमचं प्रमाण कधीच बसत नाही. मग आदल्या दिवशी संस्थेच्या वारज्याच्या कॉलेजातून टेम्पो येतो. त्यात चाळीस संगणक असतात. त्यांना ऑफिसात ‘पाहुणे’ म्हणतात. “पाहुणे किती वाजता येणार?” “पाहुण्यांना तिसऱ्या मजल्यावर बसवा.” आमची पिवळी पडलेली जुनी मशीनं स्टोअररूममध्ये जातात, पाहुणे टेबलांवर बसतात, दारावर ‘प्रगत संगणक प्रयोगशाळा’ अशी पाटी लागते. समिती गेली की पाहुणे वारज्याला परत जातात. मग वारज्याची तपासणी असते तेव्हा आमची मशीनं तिकडे जातात, मोजायला.

आणि मी दोन नोंदी ठेवते. एक माझी स्वतःची वही, खरी. दुसरं हिरवं रजिस्टर. त्याला ‘स्वच्छ रजिस्टर’ म्हणतात. पाहुणे आले त्याचा त्यात उल्लेख नसतो, जुनी मशीनं हलवली त्याचाही नसतो. ते मी एका बैठकीत, दोन वेगवेगळ्या पेनांनी लिहिते, म्हणजे वर्षभर लिहिल्यासारखं वाटतं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. माझी मीच काढली, आणि प्राचार्यांनी “आगाशे बाई, तुम्ही नसता तर काय झालं असतं!” म्हटल्यावर मला बरंही वाटलं होतं.

अशा पाच तपासण्या मी निभावल्या. पाचव्या वेळेला काय झालं कुणास ठाऊक. सतरा तारखेला समिती तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा दुसऱ्या वर्षाची चाळीस मुलं निवडून, इस्त्रीचे कपडे घालायला लावून पाहुण्यांपुढे बसवली होती. “काहीही टाइप करा, पण सगळ्यांची बोटं हलली पाहिजेत,” असं त्यांच्या सरांनीच सांगितलेलं. बोटं हलली. समितीतल्या एका गृहस्थांनी ढेकर दिली आणि ‘एक्सलंट’ म्हणाले. ते गेल्यावर सलोनी नावाची मुलगी माझ्याकडे आली. आमच्या खऱ्या लॅबमध्ये ती एका मशीनवर चौघांत बसते आणि तिचा हात की-बोर्डपर्यंत पोचत नाही.

“मॅडम, उद्यापासून आम्ही इथेच बसायचं ना?”

मी म्हणाले, “हो.”

ती खूश होऊन गेली. मला स्वतःची इतकी किळस आली की मी दार लावलं आणि भिंतीकडच्या रांगेतल्या शेवटच्या मशीनवर बसले. नवं खातं उघडलं, सहा ओळी लिहिल्या. इथले चाळीस संगणक भाड्याच्या नवऱ्यासारखे दोन दिवसांचे आहेत, असं नाही लिहिलं, सभ्य इंग्रजीत लिहिलं. वारज्याहून आले, गुरुवारी परत जातील, स्टोअररूम उघडून बघा. समितीच्या अध्यक्षांना पाठवलं. मशीनची जन्माची ओळख मशीनबरोबर वारज्याला निघून जाईल, मग शोधणार कोण, असा माझा हिशेब. इतकी वर्षं मुलांना दोन ओळखी शिकवणारी मी, एकीचाच विचार करून बसले. त्या मशीनला टोकन मीच दिलेलं होतं. लायब्ररीचं मशीन स्टोअरमध्ये गेल्यामुळे सत्तेचाळीस मोकळा झाला होता, तो मी त्या पाहुण्याला दिला होता. खऱ्या वहीत तसं लिहिलंय. स्वच्छ रजिस्टरात मात्र सत्तेचाळीस म्हणजे लायब्ररी.

अध्यक्षांनी स्टोअररूम उघडली नाही. त्यांनी मेल हिंमतरावांना पुढे पाठवला. वर लिहिलं, ‘आपल्या माहितीसाठी. जेवण उत्तम होतं.’

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी घरी यजमानांना सगळं सांगितलं. श्यामसुंदर आगाशे, बँकेतून निवृत्त, सकाळचा पेपर दुपारी बारापर्यंत वाचतात. त्यांनी पेपर खाली न घेता ऐकलं.

“तुला कुणी विचारलंय का, मेल कुणी पाठवला म्हणून?”

“नाही.”

“मग?”

“अहो, ती पोर जाईल. नुसती नोकरी नाही जाणार, शेरा लागेल. दुसऱ्या लायब्ररीत कुणी उभं करणार नाही.”

“कंत्राटावर आहे ना? आज ना उद्या जाणारच होती. तुझे अकरा महिने राहिलेत. गप्प बस.” मग पेपर खाली घेऊन म्हणाले, “चहात साखर नाहीये.”

मला त्यांच्याही तोंडाकडे बघवेना. पण खरं सांगायचं तर ते जे बोलले ते मी कालपासून मनातल्या मनात बोलतच होते. त्यांनी फक्त मोठ्यानं म्हटलं. मी साखर आणून दिली.

बुधवारी मैत्री लॅबमध्ये आली. तिला लायब्ररीत बसायला मनाई केली होती, त्यामुळे दिवसभर ती कॉरिडॉरमध्ये उभी असायची आणि येणारे-जाणारे भिंतीला चिकटून जायचे. ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी केबल गुंडाळत होते.

“मॅडम, तुमच्याकडे दुसरं काही लिहिलेलं असेल ना? तुम्ही सगळं लिहून ठेवता. मशीन स्टोअरला नेलं ते, तारीखवार. लायब्ररीतले सगळे म्हणतात, आगाशे मॅडमकडे असणारच.”

खरी वही माझ्या पर्समध्ये होती, हातभर अंतरावर. पर्सची चेन अर्धी उघडी होती.

“बघते हं,” मी म्हणाले. “सापडली तर सांगते.”

“आईला सांगितलं नाहीये अजून. तिला वाटतंय जूनमध्ये कायम होणार. पेढ्यांचं पण ठरवून ठेवलंय तिनं.” ती हसली. मग जाताना माझ्या हातातल्या केबलचा पीळ सोडवून देऊन गेली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. गुरुवारी जेवले, आणि जेवण जातंय याची किळस आली.

शुक्रवारी पुन्हा बैठक होती. या वेळी ताटात कचोऱ्या होत्या. मैत्रीला कमी केल्याचं पत्र टाइप होऊन टेबलावर आलं होतं, सही तेवढी राहिली होती. ती आत नव्हती, जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. रजिस्टरवर माझी साक्षीची सही घ्यायची म्हणून मला बोलावलं होतं. माधव सर, म्हणजे आमचे प्राचार्य, आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. माउस कसा धरायचा ते त्यांना मी शिकवलंय. त्यांनी पेन पुढे केलं. मी पर्समधून खरी वही काढून टेबलावर ठेवली.

“सही नाही करत. रजिस्टर खोटं आहे, मीच लिहिलंय. सत्तेचाळीस नंबर सतरा तारखेला लायब्ररीकडे नव्हता, वारज्याहून आलेल्या मशीनला दिलेला होता. आमोद, तुमच्या त्या लॉगमध्ये आयपीच्या पुढे बारा अक्षरं आहेत बघा. ती या वहीतल्या बारा अक्षरांशी ताडून बघा. मग स्टोअरमध्ये जाऊन लायब्ररीच्या मशीनची बारा अक्षरं बघा. वेगळी आहेत.”

आमोदनं लॉगचा कागद घेतला. तेलाच्या डागातून अक्षरं वाचली, वही बघितली, पुन्हा कागद बघितला. आपलं चुकलं हे त्याच्या तोंडावर दिसलं, तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला.

“सर, टेक्निकली मॅडम इज राइट. आयपी सेम आहे, पण डिव्हाइस वेगळंय. हे लायब्ररीचं मशीन नाहीये.”

“तुला टेक्निकली विचारलंय का?” हिंमतराव म्हणाले. “तुला रिपोर्ट द्यायला सांगितलाय. नंबर कुठला?”

“सत्तेचाळीस, पण—”

“मग झालं.”

आमोदनं लॅपटॉप मिटला. तेवढ्यापुरता होता तोही गेला.

“मेल मी पाठवलाय,” मी म्हणाले. “तिसऱ्या मजल्यावरून. समिती खाली चहाला गेली होती तेव्हा. त्या मुलीचा काही संबंध नाही.”

मला वाटलं होतं आता खोलीत स्फोट होईल. हिंमतराव हसले. खरंच हसले, पोट हलवून.

“तुम्ही? इंग्रजीत? अहो आगाशे बाई, तुम्हाला रजेचा अर्ज लिहायला ऑफिसातला माणूस लागतो.”

“रजा मी घेतलीच किती, अर्ज लिहायला?”

“आणि कुठली मशीनं वारज्याहून आली?” ते पुढे झुकले. कचोरीचा वास माझ्या तोंडावर आला. “आपल्याकडे कुठलीही मशीनं आलेली नाहीत. तपासणी झाली, ग्रेड मिळाली. जे मशीन आलंच नाही, त्याच्यावरून मेल कसा जाईल? तुमच्याच अक्षरातलं रजिस्टर आहे. वही ठेवा पर्समध्ये. वय झालं की गोंधळ होतो माणसाचा. अकरा महिने राहिलेत, छान निरोपसमारंभ करू.”

तेव्हा मला कळलं की मी कबुली दिली तरी ती चालणार नव्हती. मला धरायचं तर ते मशीन धरावं लागलं असतं, आणि ते मशीन धरलं तर सगळे पाहुणे बाहेर आले असते. त्यापेक्षा मैत्री सोयीची होती. त्यांनी मला माफ केलं नव्हतं. त्यांना माझी गरजच नव्हती.

“सर,” मी माधव सरांना म्हणाले, “तुम्ही तर टेम्पोपाशी उभं राहून मोजली होतीत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पत्र ओढलं, सही केली आणि खाली तारीख घातली. अक्षर अजूनही सुंदर आहे त्यांचं.

मी लॅबमध्ये आले. कोरा कागद घेतला आणि सगळं मराठीत लिहून काढलं. पाहुणे, स्टोअररूम, दोन रजिस्टरं, सत्तेचाळीस नंबर कुणाला दिला ते, त्या मशीनची बारा अक्षरं, मेल मी पाठवला ते. खाली सही केली, पूर्ण नाव, हुद्दा. ऑफिसात आवकच्या खिडकीत दिलं आणि पोच मागितली. खिडकीतला कारकून राकेश कागद वाचत गेला तसा मागे मागे सरकला.

“मॅडम, शिक्का नाही मारू शकत. मला वरून विचारतील.”

“मग ‘घेतलं नाही’ असं तरी लिहून दे.”

“तेही नाही देऊ शकत, मॅडम. प्लीज.”

मी वाद घातला नाही, कागद परत घेतला. कोपऱ्यावर तीन झेरॉक्स काढल्या, एक विद्यापीठाला स्पीड पोस्टानं पाठवली. पोस्टातली बाई म्हणाली, “वजन कमी आहे हो.” मग मैत्रीला शोधत निघाले. तिचं पत्र तिच्या हातात पडून तास झाला होता. ती अप्पर भागात राहते, बस स्वारगेटहून असते, हे मला ठाऊक होतं.

ती थांब्यावर उभी होती. हातात कापडी पिशवी, तिच्यात लायब्ररीतला तिचा डबा, पाण्याची बाटली आणि घडी करून ठेवलेली शबनम बॅग. संध्याकाळची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, बाजूला कुणीतरी पचकन थुंकलं. मला बघून ती पुढे आली नाही.

“मैत्री, मेल मी पाठवला होता,” मी म्हणाले. दुसरं कसं सुरू करायचं ते येईना.

मी कागद पुढे केला. “हे सगळं लिहिलंय यात. सही आहे. वकिलाकडे ने, कोर्टात ने, पेपरवाल्यांना दे. वहीपण देते. त्यात मशीनची नोंद आहे. मी कुठंही येऊन सांगेन.”

तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि कागद वाचायला घेतला. लायब्ररीवाल्या माणसासारखा वाचला, सावकाश, एक ओळ न सोडता, खालच्या तारखेपर्यंत. मग पुन्हा वरून वाचला. एक बस येऊन गेली.

“यात सोमवारचं कुठंय?” तिनं विचारलं.

“सोमवारचं?”

“सोमवारी मी म्हणाले, मशीन स्टोअरमध्ये होतं. तुम्हाला विचारलं. तुम्ही रजिस्टर दाखवलंत. आणि बुधवारी मी तुमच्याकडे आले होते. ‘बघते हं’ म्हणालात. ते यात नाहीये.”

मी म्हणाले, “मी घाबरले होते गं. अकरा महिने राहिलेत माझे.”

“मॅडम, माझे किती राहिले होते?”

तिचा आवाज चढला नव्हता. पण तोंडावर जे होतं ते मी आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघताना माझ्या मनात बाळगलं होतं, आता ते माझ्याकडे वळलं होतं. हिंमतरावांच्या बोटांची, माधव सरांच्या सहीची, यजमानांच्या चहाची किळस मी केली. मैत्रीला माझी येत होती, आणि तिचं बरोबर होतं.

“लिहा ते,” ती म्हणाली. “नाहीतर नुसता मशीनचा घोटाळा वाटेल. कुणालाच काही माहीत नव्हतं असं वाटेल.”

थांब्यावरच्या बाकावर एका बाईंनी थोडी जागा करून दिली. मी पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि सहीच्या खाली लिहायला लागले. सोमवारी चौकशीत मला विचारलं तेव्हा मैत्री ओव्हाळ खरं बोलत आहेत हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. बुधवारी त्यांनी माझ्याकडे येऊन पुरावा मागितला. तो माझ्या पर्समध्ये होता. मी दिला नाही. अक्षर वाकडं आलं. असं वाकडं अक्षर मी स्वच्छ रजिस्टरात कधी काढलं नव्हतं. त्याच्याखाली पुन्हा सही केली.

ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. शेवटची ओळ झाल्यावर तिनं कागद घेतला, शाई वाळेपर्यंत दोन टोकांना धरून उभी राहिली. तेवढ्यात अप्परची बस आली. तिनं घाई केली नाही. माझ्याकडून वही घेतली, कागद नीट घडी करून तिच्यात ठेवला, वही पिशवीत ठेवली, आणि चढली.

आभार मानले नाहीत. मानले असते तर मला तिचीही किळस आली असती.

खिडकीशी जागा मिळाली तिला. बस सिग्नलला थांबली तेव्हा ती मोबाइल कानाला लावून बोलत होती, बहुधा आईशी. माझ्याकडे बघितलं नाही. सिग्नल सुटला, बस वळली. मांडीवर पर्स अजून उघडीच होती. मी पेनाला टोपण लावलं, बाकावरच्या बाईंना जागेबद्दल “बरं झालं” म्हणाले आणि चालत घरी निघाले.